आईनें मागें ठेवलेलें गाणें

मुलांकरितां काढलेल्या चित्रपटांविषयीं आपल्याकडील सुशिक्षित घरांत सामान्यतः दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, हा सर्व पोरखेळ असून त्यांत विचार करण्याजोगें कांहीं नसतें. दुसरा पक्ष म्हणतो, त्यांतून कांहीं बोध मिळत असेल तरच ते मुलांस दाखवावेत. संगीताचा विचार मात्र या दोन्ही पक्षांच्या गांवीं नसतो. चित्र हलूं लागलें कीं मागें कांहीं तरी वाजावयाचेंच, अशा समजुतीनें तें कानाआड केलें जातें. या महिन्यांत आम्ही जो चित्रपट वाचकांपुढें ठेवीत आहों त्याची गोष्ट निराळी आहे. त्यांतील संगीत काढून घेतलें तर कथानकच उरणार नाहीं. कारण एक गाणें हरवतें व पुन्हां सांपडतें, एवढीच त्याची कथा आहे. आणि तें गाणें म्हणजे एक अंगाई आहे.

या चित्रपटाचें नांव 'साँग ऑफ द सी', म्हणजे 'समुद्राचें गाणें'. आयर्लंडांतील किलकेनी या जुन्या शहरीं 'कार्टून सलून' नांवाची चित्रशाळा आहे. तिचे एक संस्थापक टॉम मूर यांनीं तो दिग्दर्शित केला व २०१४ सालीं तो प्रथम दाखविण्यांत आला. त्यांतील पात्रें म्हणजे हातानें काढलेलीं चित्रें असून जलरंगाचा ओलावा अजून त्यांत शिल्लक आहे असा भास होतो. ऑस्कर पारितोषिकासाठीं २०१५ सालीं निवडलेल्या पांच रेखाचित्रपटांत त्याची गणना झाली. संगीत दोघांनीं मिळून दिलें आहे. पहिले, १९५४ सालीं पॅरिस येथें जन्मलेले फ्रेंच संगीतकार ब्रूनो कुले. दुसरा, 'कीला' हा आयरिश वादकांचा संच. डब्लिनजवळील ज्या शाळेंत सर्व शिक्षण आयरिश भाषेंतून दिलें जातें, तेथील विद्यार्थ्यांनीं १९८७ सालीं हा संच उभा केला. मूर यांचे २००९ मधील 'द सीक्रेट ऑफ केल्स' व २०२० मधील 'वुल्फवॉकर्स' हे चित्रपटही याच जोडीच्या संगीतानें नटलेले आहेत.

कथा थोडक्यांत अशी. समुद्रांतील एका लहानशा बेटावर दीपगृहाचा रखवालदार कॉनर, त्याची पत्नी ब्रोना व मुलगा बेन असें कुटुंब राहतें. ब्रोना ही 'सेल्की' आहे. आयर्लंड व स्कॉटलंड यांच्या किनाऱ्यांवरील लोकांची अशी जुनी श्रद्धा कीं, समुद्रांत राहणाऱ्या सील नांवाच्या प्राण्यांपैकीं कांहीं आपलें कातडें उतरवून मनुष्यरूप घेतात. तें कातडें लपवून ठेवलें तर सेल्की माणसांत संसार मांडून राहते. सांपडलें कीं पाण्याची ओढ तिला घेऊन जाते. पुरूरवा व उर्वशी यांची कथा ज्यांस ठाऊक आहे त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाहीं. एके रात्रीं ब्रोना बेनला एक शंख देते, आपलें गाणें त्याला म्हणून दाखविते, आणि त्याच रात्रीं एका मुलीस जन्म देऊन समुद्रांत नाहींशी होते. मुलीचें नांव सीर्शा. आयरिश भाषेंत या शब्दाचा अर्थ स्वातंत्र्य. सहा वर्षांची झाली तरी ही मुलगी एक शब्द बोलत नाहीं. बाप शोकानें थिजून गेला आहे. बेन आईच्या जाण्याचा दोष धाकट्या बहिणीवर ठेवून तिच्यावर रागावलेला आहे. आणि आजी शहरांतून येऊन, हें घर मुलांस योग्य नव्हे असें म्हणून, दोघांसही घेऊन जाते. तेथून पळून घरीं परततांना या भावंडांस जुन्या कथांतील देवता व यक्षगंधर्व भेटतात. ते सर्व एकामागून एक दगड होत चालले आहेत. सेल्कीनें आपलें गाणें म्हटलें तरच ते सुटावयाचे. आणि गाणें जिच्या कंठांत आहे ती मुलगी मुकी!

ही कथा आपणांस कशी सुचली तें मूर यांनीं सांगितलें आहे. पश्चिम किनाऱ्यावर आपल्या लहान मुलासह ते सुटींत गेले असतां मारून टाकलेले सील वाळूवर पडलेले त्यांस दिसले. मासळी कमी झाल्याचा राग कोळ्यांनीं या प्राण्यांवर काढला होता. तेव्हां तेथील एका बाईनें त्यांस सांगितलें कीं, पूर्वीं असें घडलें नसतें. सीलाच्या देहांत समुद्रांत गेलेल्या माणसाचा जीव असूं शकेल, या समजुतीनें लोकांचे हात आवरले जात. म्हणजे जी गोष्ट आजी नातवंडांस निजतांना सांगत असे तिच्या आधारानें किनाऱ्यावरचे प्राणी जगत होते. गोष्ट लोपली आणि तो आधारही गेला.

आतां संगीताकडे वळूं. प्राचीन आयरिश वाङ्मयांत वीणावादनाचे तीन प्रकार मानिले आहेत. त्यांची वीणा म्हणजे 'हार्प'. ती उभी धरून दोन्ही हातांनीं तारा छेडावयाच्या. रडविणारें वादन तें 'गोल्त्री', हंसविणारें तें 'ग्यांत्री' आणि निजविणारें तें 'सुअंत्री'. याविषयीं एक सुंदर पुराणकथा आहे. दाग्दा नांवाच्या थोर देवाची वीणा शत्रूंनीं पळवून नेली व आपल्या भोजनगृहाच्या भिंतीवर टांगून ठेविली. दाग्दा तेथें गेला आणि त्यानें हांक मारतांच वीणा भिंतीवरून उडी घेऊन त्याच्या हातीं आली. मग त्यानें प्रथम गोल्त्री वाजविली, तेव्हां तेथील स्त्रिया रडूं लागल्या. ग्यांत्री वाजविली, तेव्हां स्त्रिया व मुलें हंसूं लागलीं. शेवटीं सुअंत्री वाजविली, तेव्हां सारें शत्रुसैन्य झोंपीं गेलें आणि देव सुखरूप निघून आले. आपल्याकडे रसांची संख्या नऊ, त्यांच्याकडे या तीनच वृत्ति. परंतु अंगाईस त्यांनीं करुण व हास्य यांच्या पंक्तीला मानाचें पान दिलें, हें आम्हांस फार मार्मिक वाटतें. आपल्या शास्त्रकारांनीं अंगाईकडे कधीं एवढ्या गंभीरपणें पाहिलें नाहीं. तो प्रांत त्यांनीं बायकांवर सोंपविला.

या तीन प्रकारांचें सूत्र हातीं धरून हा चित्रपट ऐकिला म्हणजे त्याच्या संगीताची रचना उलगडूं लागते. ग्यांत्रीचा भाग सर्वांत सोपा. 'दूलामान' हें तेथील जुनें लोकगीत या चित्रपटांत घेतलें आहे. दूलामान म्हणजे समुद्राचें शेवाळ. तें खडकांवरून काढून आणावें, शेतांत खत म्हणून घालावें, प्रसंगीं खावेंही, असा पश्चिम किनाऱ्यावरील गरीब लोकांचा क्रम असे; त्या कष्टांतून हें थट्टेचें, ठेक्याचें गाणें निघालें. असलें गाणें 'कीला' मंडळींच्या हातीं आलें कीं पाय आपोआप ताल धरितात. त्यांच्या वाद्यांत 'बोरान' नांवाचें बकऱ्याच्या कातड्यानें मढविलेलें चर्मवाद्य आहे. तें आपल्या डफासारखें, पण एका हातानें आंतून कातडें दाबून दुसऱ्या हातांतील आंखूड दांडीनें वाजविलें जातें. शिवाय सारंगीच्या जातीचें व्हायोलिन आहे व सहा छिद्रांची पत्र्याची शिट्टी आहे.

पण सर्वांत लक्ष वेधून घेतो तो 'इलन पाइप'. लष्करी बँडांत जो स्कॉटिश बॅगपाइप आपण ऐकितों तो तोंडानें फुंकावयाचा असतो व त्याचा आवाज मैदानास शोभणारा असतो. इलन पाइप बसून वाजवितात. त्याचा भाता कोपराखालीं दाबून हवा भरतात. 'इलन' या शब्दाचा अर्थच कोपर. तोंड मोकळें राहतें आणि आवाज घरांत बसून ऐकण्याइतका मृदु निघतो. त्याला तीन अखंड स्वर धरणाऱ्या नळ्या असतात. तंबोऱ्यानें ज्यांचे कान घडले आहेत अशा आमच्या वाचकांस हें वाद्य प्रथम ऐकतांच ओळखीचें कां वाटतें, त्याचें कारण या नळ्यांत आहे: खालीं एक स्वर अढळ धरलेला व वर सुरावट फिरती. या वादनकलेस २०१७ सालीं व आयरिश वीणावादनास २०१९ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें.

गोल्त्रीचा भाग अधिक खोल आहे. आयर्लंडांत पूर्वीं मृताच्या शेजारीं बसून बायका सुरांत विलाप करीत. त्यास 'कीने' म्हणत. मृताचे गुण, त्याचें कुळ, त्याच्यावांचून ओस झालेलें घर यांवर त्या जागच्या जागीं पदें रचीत व मध्यें शब्दांवांचूनचा आक्रोश मिसळीत. धर्मोपदेशकांस ही चाल पसंत नव्हती, नव्या सभ्यतेसही ती गांवढळ वाटली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभास ती बहुतेक लोपली. मोठ्यानें रडण्याची जी एक सार्वजनिक सोय होती ती गेली. शोक मात्र राहिला, आणि तो घराच्या आंत जाऊन बसला.

हीच गोष्ट चित्रपटांत माखा नांवाच्या घुबडरूपी चेटकिणीच्या द्वारें सांगितली आहे. तिचा मुलगा माक लिर हा महाकाय पुरुष दुःखानें विव्हळ झाला, तें आईला पाहवेना. म्हणून तिनें त्याचें दुःख काढून घेऊन कांचेच्या बरणींत कोंडलें. दुःख गेलें, पण मुलगा दगड होऊन बेट बनला. मग तिनें दिसेल त्याचा शोक, राग, भय, सर्व भावना बरण्यांत भरण्याचा सपाटा लाविला. स्वतःच्याही भरिल्या, आणि ती स्वतः अर्धी दगड झाली. ही बाई दुष्ट नाहीं. आपल्या माणसाचें रडणें तिला सहन होत नाहीं, इतकाच तिचा अपराध. कॉनर व माक लिर या दोघांचा आवाज ब्रेंडन ग्लीसन या एकाच नटाचा आहे, आणि आजी व माखा यांचा आवाज फिनूला फ्लॅनगन या एकाच नटीचा आहे. दीपगृहांतील घर आणि दंतकथेंतील घर हीं एकच आहेत, हें कानाला कळावें म्हणून ही योजना.

येथें आम्हांस आपल्या घरांची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. घरांत मृत्यु झाला कीं मुलांस शेजारीं धाडावें, 'आई देवाघरीं गेली' एवढें एक वाक्य सांगून पुढें त्या विषयावर मौन धरावें, आणि मूल रडूं लागलें तर 'शहाणा ना तूं? रडूं नये' म्हणून त्याचे डोळे पुसावेत, ही आपली रीत प्रेमाचीच आहे. पण माखाही प्रेमानेंच बरण्या भरीत होती. बेनचें आपल्या बहिणीशीं वागणें पाहून ज्या आईबापांस तो केवळ हट्टी मुलगा वाटेल त्यांनीं पुन्हां एकदां लक्ष देऊन पाहावें. त्याच्या आईविषयीं त्या घरांत सहा वर्षें कोणी कांहीं बोललेलेंच नाहीं. ज्या शोकास शब्द मिळाला नाहीं तो त्याच्या ठिकाणीं राग होऊन बसला आहे.

तें मौन फोडण्याचें काम चित्रपटांत संगीताकडे आहे. सीर्शेस वाचा नाहीं, पण आईचा शंख तिच्या हातीं लागतो व ती तो फुंकते. आईची अंगाई प्रथम पूर्ण ऐकूं येते ती ब्रोनाच्या मुखानें. पुढें तिचे तुकडे येतात: कधीं शंखांतून, कधीं वाद्यांवरून. ती अंगाई पुन्हां सबंध केव्हां होणार, अशी हुरहूर लहान प्रेक्षकासही लागते. माखाच्या घरीं सीर्शा शंख वाजविते तेव्हां त्या स्वरानें बरण्या फुटतात व कोंडलेलें सर्व बाहेर येतें. आणि अखेरीस, अंगावर सेल्कीचें वस्त्र येऊन मुलीचा कंठ फुटतो तेव्हां तेंच गाणें ती म्हणते. दगड झालेले सारे उठतात व पश्चिमेकडील चिरतारुण्याच्या देशाकडे निघतात. त्यांच्याबरोबर आईही मुलीस न्यावयास येते. बाप व भाऊ विनवणी करितात. शेवटीं आई मुलीचें वस्त्र उतरवून घेते, तिला माणसांत ठेवते आणि आपण एकटी जाते. या वेळीं बेन आईचा निरोप घेतो, मोकळेपणीं रडतो. जी सुअंत्री म्हणून आरंभीं ऐकिली तीच गोल्त्री होती, हें तेव्हां ध्यानांत येतें. निजविण्याच्या गाण्यांतच आईनें आपला निरोप ठेवून दिला होता. तो उलगडण्यास सहा वर्षें लागलीं.

आईचा आवाज लिसा हॅनिगन या आयरिश गायिकेचा आहे व मुलीचें गाणें लूसी ओ'कॉनेल या बालिकेनें म्हटलें आहे. दोघींच्याही गाण्यांत कसरत नाहीं. हॅनिगनबाई श्वासाइतक्या हलक्या सुरांत गातात; दिवा मालवलेल्या खोलींत पाळण्याशीं बसून म्हणावें तसा तो आवाज आहे. गाणें इंग्रजींत व आयरिश भाषेंत, असें दोन्ही प्रकारें मुद्रित झालें आहे. आयरिश ठाऊक नसतांही आम्हांस तेंच अधिक जवळचें वाटलें. कारण अंगाईचे शब्द समजण्याच्या वयांत ती कोणीच ऐकत नाहीं.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. ही अंगाई शेंकडों वर्षांची लोकगीत नसून या चित्रपटासाठीं मुद्दाम रचलेली आहे, आणि संगीतकार तर फ्रेंच. मग यास आयरिश परंपरा म्हणावें कीं परंपरेचें सोंग? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. 'केल्टिक संगीत' या नांवाखालीं बाजारांत पुष्कळ धुकें विकलें जातें. एखादी शिट्टी, थोडा घुमणारा आवाज, मागें समुद्राची गाज, कीं झालें केल्टिक! वास्तविक 'केल्टिक' हें प्रथमतः भाषाकुलाचें नांव आहे. वेल्समधील विद्वान एडवर्ड लुइड यांनीं १७०७ सालीं आयरिश, वेल्श, कॉर्निश व ब्रेटन या भाषांचें नातें ग्रंथरूपानें मांडलें. त्या कुळाचें हें नांव. संगीतास हें विशेषण सर्रास लागूं लागलें तें फार अलीकडे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतील आलां स्तिवेल यांच्या केल्टिक वीणेच्या १९७१ सालच्या ध्वनिमुद्रिकेनें त्या लाटेस मोठें बळ दिलें. ब्रिटनी हा फ्रान्सचा भाग असला तरी तेथील मूळ भाषा ब्रेटन ही आयरिशची दूरची बहीण होय; आणि या चित्रपटाची अंगाई फ्रेंच भाषेंत गाणारी नोल्वेन लरुआ ही त्याच ब्रिटनीची कन्या आहे.

तेव्हां फ्रेंच माणसाचा हात लागला म्हणून सोवळें मोडलें असें आम्ही मानीत नाहीं. प्रश्न असा विचारावा कीं, रचणारानें कोणाच्या पंक्तीस बसून रचिलें? कुले यांनीं आयर्लंडचा आवाज ग्रंथालयांतून उचलून आणिला नाहीं. ज्यांच्या घरीं व शाळेंत आयरिश भाषा रोजच्या व्यवहारांत होती त्या वादकांशीं जोडी जमवून त्यांनीं काम केलें. त्यामुळें धुकें विकणाऱ्यांचा गुळगुळीतपणा येथें नाहीं. बोरानचा घाव कोरडा लागतो, व्हायोलिनचा गज तारेवर घासलेला ऐकूं येतो. स्कॉटलंडच्या कथेवरील 'ब्रेव्ह' या २०१२ सालच्या अमेरिकन चित्रपटांतही स्कॉटिश जन्माचे संगीतकार पॅट्रिक डॉयल यांनीं आई व लहान मुलगी यांच्या तोंडीं गेलिक भाषेंतील एक अंगाई घातली आहे. दोन वर्षांच्या अंतरानें आलेल्या दोन चित्रपटांस मावळत्या भाषेची जागा आईच्या अंगाईंतच सांपडावी, हें सहज घडलेलें नाहीं.

'मावळती भाषा' हा शब्द आम्ही जाणून वापरिला. आयर्लंडांत १८३१ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळांचें माध्यम इंग्रजी होतें. मुलाच्या गळ्यांत एक काठी अडकवावी, तो आयरिश बोलला कीं तिच्यावर एक खांच पाडावी व खांचा मोजून छड्या द्याव्यात, अशी चाल अनेक ठिकाणीं होती. आणि मुलाचें कल्याण इंग्रजींतच आहे असें समजून आईबापही तीस साह्य करीत. पुढें १८४५ ते १८४९ चा बटाट्याचा दुष्काळ आला. सुमारें १० लक्ष माणसें मेलीं, तितकींच परदेशीं गेलीं; आणि सर्वांत जबर तडाखा बसला तो पश्चिमेकडील आयरिशभाषी गरिबांस. आज आयरिश ही राष्ट्राची पहिली राजभाषा आहे, शाळांतून सक्तीनें शिकविली जाते, युरोपीय संघांतही तिला पूर्ण मान आहे. २०२२ सालच्या खानेसुमारींत आपणांस आयरिश बोलतां येतें असें सांगणारे १८,७३,९९७ निघाले. पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे केवळ ७१,९६८. शाळेनें भाषा येणारे लोक निर्माण केले, पण तिच्यांत मुलांस निजविणारी घरें फारशीं निर्माण केलीं नाहींत.

गाणीं टिपून ठेवण्याच्या कामीं मात्र या लोकांनीं कसूर केली नाहीं. बेलफास्ट येथें १७९२ सालीं उरल्यासुरल्या वृद्ध वीणावादकांस एकत्र बोलाविलें तेव्हां एडवर्ड बंटिंग नांवाच्या १९ वर्षांच्या तरुणानें त्यांचें वादन स्वरलिपींत उतरून घेतलें. त्यांतील सर्वांत वृद्ध वादकाचें वय ९० च्या वर होतें. १९३५ सालीं आयरिश लोकसाहित्य मंडळ स्थापन झालें. त्याच्या विनंतीवरून १९३७-३८ मध्यें सुमारें ५,००० शाळांतील ५०,००० मुलांनीं आपापल्या आजीआजोबांकडून व शेजाऱ्यांकडून गोष्टी, गाणीं, म्हणी, औषधें वह्यांत लिहून आणिलीं. याच मंडळासाठीं १९४२ पासून शेमस एनिस हे पाइपवादक सायकलीवर बसून पश्चिमेच्या खेड्यांतून हिंडले. कॉनेमाराच्या एकाच शेतकरी-कोळ्याकडून त्यांस दोनशेंहून अधिक गाणीं व चाली मिळाल्या. चित्रपटांतही 'शनखी' नांवाचा एक वृद्ध कथेकरी आहे. त्याच्या डोक्याच्या व दाढीच्या प्रत्येक केंसांत एकेक गोष्ट सांठविलेली आहे, आणि केंस गळतात तशा त्या तो विसरत चालला आहे. हें वेडेंवांकडें चित्र पाहून मुलें हंसतात. एनिस यांच्यासारख्यांची धांवपळ कशासाठीं होती हें ज्यास ठाऊक आहे त्याला मात्र हंसूं येत नाहीं.

कारण दप्तरांत ठेवलेलें गाणें मरत नाहीं हें खरें असलें तरी तें गातही नाहीं. नैर्ऋत्य किनाऱ्यापलीकडील ब्लास्केट बेटांवर 'पुर्त ना बूकी', म्हणजे पिशाचांची धून, म्हणून एक चाल होती. रात्रीं होडींत असतां समुद्रांतून आलेले सूर ऐकून बेटावरील माणसांनीं ती धरिली असें सांगतात. होडीच्या तळाला लागून आलेला तो देवमाशांचा आवाज असावा, असा कित्येकांचा तर्क आहे. १९५३ सालीं मोठ्या ब्लास्केट बेटावरील अखेरचीं माणसें मुख्य भूमीवर आणावीं लागलीं. आज तेथें वस्ती नाहीं. पण धून आहे, कारण पाइपवाल्यांनीं व व्हायोलिनवाल्यांनीं ती आपल्या बोटांत घेतली. ज्या समाजाजवळ समुद्रांतून आलेल्या गाण्याची अशी खरी आठवण आहे त्यानें 'समुद्राचें गाणें' नांवाचा चित्रपट काढावा, यांत उसनें असें कांहीं नाहीं.

आमच्या वाचकभगिनींस हें सर्व वाचून जात्यावरील ओव्या आठवल्या असतील. तेथेंही असेंच झालें. पिठाची गिरणी गांवांत आली, पहांटेचें दळण थांबलें, आणि दळतांना सुचणारें, दळतांनाच म्हटलें जाणारें गाणें अकस्मात् निराधार झालें. योगायोग असा कीं, तेथेंही एका फ्रेंच जन्माच्या गृहस्थानें, गी प्वातव्हें यांनीं, हेमा राइरकर यांच्यासह महाराष्ट्रांतील खेडोपाडीं फिरून एक लक्षाहून अधिक ओव्या जमविल्या व जपून ठेवविल्या. त्यांचे उपकार थोर आहेत. परंतु जमविलेल्या ओवींतील एक तरी आपल्या घरांत कोणाच्या ओठांवर आहे काय, हा प्रश्न त्या दोघांनीं सोडवावयाचा नसून आपण सोडवावयाचा आहे.

हल्लीं पुष्कळ घरांत मूल निजविण्यासाठीं पाळण्याशीं भ्रमणध्वनि ठेवून त्यावर अंगाई लावितात. थकलेल्या मातांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. तें गाणें सुरेल असतें, मूलही निजतें. पण त्या गाण्यांत आई नसते. ब्रोना निघून गेल्यावर तिच्या मुलांपाशीं तिचें म्हणून जें उरलें तें एक शंख व एक चाल एवढेंच होतें. आणि बाप दगड झाला, आजीचा नाइलाज झाला, तेव्हां तेवढ्यावरच त्यांचें निभावलें. पुढें कोणत्या दिवशीं त्यांना त्याची गरज लागेल हें ती अंगाई म्हणतांना आईला ठाऊक नसतें, आणि तें ठाऊक असण्याची आवश्यकताही नसते.

तेव्हां हा चित्रपट मुलांबरोबर बसून पाहावा, अशी आमची शिफारस आहे. नऊदहा वर्षांच्या मुलांस तो चांगला समजेल. त्याहून लहान मुलांस घुबडांचे प्रसंग थोडे भय घालतील, त्यांस जवळ घ्यावें. ज्या घरांत अलीकडे कोणी माणूस गेलें असेल त्या घरांनीं तो विशेषेंकरून टाळूं नये. शेवटच्या प्रसंगीं मूल रडूं लागलें तर त्याला गप्प करण्याची घाई करूं नये. तें ज्याच्याविषयीं विचारील त्याच्याविषयीं मोकळेपणीं बोलावें. आणि रात्रीं दिवा मालवल्यावर, आवाज कसाही असो, आपल्या आजीची जी कोणती चाल आठवत असेल ती स्वतःच्या तोंडानें म्हणावी.